जादू शिकताना साधनं कशी निवडायची आणि स्वतःची शैली कशी घडवायची : टप्प्याटप्प्याने

दोन-दोन वर्षं जादू शिकूनही अनेकांना पाच मिनिटांचा एक प्रयोग सलग करता येत नाही. हात जड आहेत म्हणून असं क्वचितच होतं. बहुतेकदा क्रम चुकलेला असतो. आधी गुपित शोधलं जातं, मग साहित्य विकत घेतलं जातं, मग थोडाफार सराव होतो आणि ‘हे दाखवायचं कुणाला आणि कुठे?’ हा प्रश्न शेवटी उरतो. शैलीचंही तसंच होतं. टोपी, कोट आणि व्हिडिओतून उचललेली चार वाक्यं आधी येतात, आणि त्या कोटाखाली करायचा प्रयोग अजून ठरलेलाच नसतो.

खालचे टप्पे नेमके उलट्या दिशेने जातात. पत्ते, नाणी, दोरी, मेंटॅलिझम (मन वाचल्याचा भास देणारी जादू), कोणतीही शाखा घ्या, क्रम हाच राहतो. पहिल्या फेरीत फक्त चार प्रयोग घ्या आणि तेच शेवटपर्यंत न्या.

## टप्पा १ : जागा आणि प्रेक्षक आधी

येत्या सहा महिन्यांत तुम्ही खरोखर कुणापुढे उभे राहणार आहात? स्वप्नातला रंगमंच बाजूला ठेवा आणि पुढच्या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून काढा.

- एका वेळी किती माणसं असतील?
- ती बसलेली असतील की उभी? सगळ्यात लांबचा माणूस किती अंतरावर असेल?
- तुमच्या बाजूला किंवा पाठीमागे कुणी असेल का?
- टेबल असेल का?
- उजेड कुठून येईल? पाठीमागे खिडकी किंवा दिवा आहे का?
- तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटणार आहेत की दर वेळी नवी?
- एक प्रयोग संपल्यावर सामान पुन्हा लावायला आडोसा मिळेल का?

ही उत्तरं लिहिली की अर्धी निवड आपोआप होते. टेबल नसेल तर पत्ते मांडून करायचे सगळे प्रयोग बाद. पाठीमागे माणसं असतील तर तळहातात वस्तू लपवण्यावर उभे असलेले बरेच प्रयोग बाद. साध्या आकाराच्या पत्त्यावरचा आकडा तीन-चार मीटरच्या पुढे नीट वाचता येत नाही, त्यामुळे चाळीस माणसांसमोर पत्त्यांपेक्षा दोरी, रुमाल किंवा मेंटॅलिझम बरं. प्रेक्षक दर वेळी नवे असतील तर तीन प्रयोगांवर वर्षभर निभावतं. तीच माणसं असतील तर जास्त प्रयोग लागतील, पण प्रत्येकाची तयारी तितकीच लागेल. घरच्यांसमोर जादू करणं सगळ्यात अवघड असतं ते म्हणूनच.

तपासणी : ‘मी ___ माणसांसमोर, ___ अंतरावर, टेबलासह किंवा टेबलाविना, ___ मिनिटांचा कार्यक्रम करणार आहे.’ रिकाम्या जागा भरता येत नसतील तर पुढे जाऊ नका आणि काही विकतही घेऊ नका.

## टप्पा २ : एक शाखा, एक मुख्य साधन

मुख्य साधन, म्हणजे ज्यावरून शिकायचं ते पुस्तक किंवा व्हिडिओ, एकच असावं. दुसरं पूरक म्हणून चालेल, तिसरं नको. एकाच तंत्राचं वर्णन चार शिक्षक चार तऱ्हेने करतात. बोट कुठे, अंगठा कुठे, कॅट किती तिरका, सगळ्यात फरक असतो. नवशिका त्या चौघांचे तुकडे जोडतो आणि हाताला एकही पद्धत बसत नाही.

### पुस्तक की व्हिडिओ?

दोन्ही लागतात, पण त्यांची कामं वेगळी आहेत. व्हिडिओतून वेग आणि लय कळते. हात कधी थांबला, नजर कधी वर गेली, हे शब्दांत सांगणं कठीण असतं. पण व्हिडिओतून शिक्षकाचे हावभाव, विनोद, अगदी मान हलवण्याची तऱ्हासुद्धा न कळत उचलली जाते. पुस्तक तुम्हाला स्वतःचा आवाज शोधायला भाग पाडतं, कारण कागदावर कुणाचा आवाजच नसतो. म्हणून मुख्य साधन पुस्तक ठेवा आणि अडलेल्या हालचालीपुरता व्हिडिओ बघा. पुस्तकातून काहीच उमगत नसेल तर हा क्रम उलटवायलाही हरकत नाही. मात्र मग शैलीच्या टप्प्यावर दुप्पट सावध राहावं लागेल.

जादूगारांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेलेली पुस्तकं मोजकीच आहेत. पत्त्यांसाठी ह्युगार्ड आणि ब्राऊ यांचं ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’ (१९४८) घ्या. त्यात साध्या ओव्हरहँड शफलपासून (कॅट हातात धरून पिसण्याच्या नेहमीच्या पद्धतीपासून) सुरुवात होते, आणि बहुतेक प्रकरणांत आधी तंत्र आणि लगेच त्या तंत्रावर बेतलेले प्रयोग येतात. म्हणजे शिकलेलं कुठे वापरायचं हा प्रश्न उरत नाही. त्याहून सविस्तर हवं असेल तर रॉबर्टो जोबी यांच्या ‘कार्ड कॉलेज’चे पाच खंड आहेत, पण सुरुवातीला पहिलाच पुरे. नाण्यांसाठी बोबो यांचं ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ (१९५२) आहे. त्यात प्रयोग भरपूर आहेत, त्यामुळे ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत सुटू नका. मूलभूत लपवण्याच्या पद्धती आणि दोन-तीन प्रयोग निवडा. शाखा ठरत नसेल तर मार्क विल्सन यांचा ‘कम्प्लीट कोर्स इन मॅजिक’ बरा, कारण पत्ते, नाणी, दोरी, रुमाल, चेंडू सगळं त्यात चित्रांसह थोडं थोडं आहे. मेंटॅलिझमसाठी कोरिंडा यांचं ‘थर्टीन स्टेप्स टू मेंटॅलिझम’.

आणि पहिलं पुस्तक म्हणून कोणतं घेऊ नये? अर्डनेस या टोपणनावाने १९०२ साली आलेलं ‘द एक्स्पर्ट अॅट द कार्ड टेबल’. त्याची कीर्ती ऐकून नवशिके थेट त्याकडे धावतात. त्याचा मोठा भाग जुगाराच्या टेबलावरच्या हातचलाखीचा आहे, लिखाण घट्ट आहे, आणि कॅट हातात मुरलेला असल्याशिवाय त्याचा उपयोग होत नाही. आठ खंडांचा टार्बेल कोर्सही संदर्भ म्हणून उत्तम, पण पहिली शिडी म्हणून फार मोठा.

ही पुस्तकं इंग्रजीत आहेत. भाषा अडली तर संज्ञांची वेगळी वही करा. तीस-चाळीस शब्द पुन्हा पुन्हा येतात. डाव्या हातात कॅट धरण्याच्या पद्धतीचं नाव, प्रत्येक बोटाचं नाव, पत्त्याच्या चार कडा आणि चार कोपरे एकदा पक्के झाले की वाचनाचा वेग वाढतो.

### साधन पारखायचं कसं

मधलं एखादं प्रकरण किंवा मधला एखादा धडा उघडा आणि चार गोष्टी शोधा. हालचाल करताना नजर कुठे असावी हे सांगितलंय का? कोणत्या कोनातून ती उघडी पडते हे प्रामाणिकपणे लिहिलंय का? प्रेक्षकाने ऐन वेळी वेगळंच काही केलं तर काय करायचं, ते आहे का? पद्धत मूळ कुणाची याचा उल्लेख आहे का? शेवटचा मुद्दा शिष्टाचाराचा वाटेल, पण त्यातून शिक्षकाने विषय खोलात वाचला आहे की नाही ते कळतं. फुकट मिळणाऱ्या बहुतेक व्हिडिओंमध्ये ‘कसं’ असतं आणि ‘का’ नसतं, आणि चारपैकी एकही गोष्ट सापडत नाही.

एखादा प्रयोग सुटा विकत घ्यायचा असेल तर जाहिरातीचा व्हिडिओ आवाज बंद करून बघा. हात चौकटीबाहेर जातो का? ऐन क्षणी कॅमेरा प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर वळतो का? प्रयोगानंतर वस्तू कुणाच्या हातात दिलेली दिसते का? मध्ये काटछाट आहे का? यांतलं काही खटकलं तर विक्रेत्याला लेखी विचारा : कोन किती सांभाळावे लागतात, पुन्हा लावायला किती वेळ लागतो, दर वेळी काही खर्ची पडतं का, प्रेक्षकांना वस्तू तपासायला देता येते का.

इशारा : ‘सराव लागत नाही’ असं लिहिलेल्या प्रयोगालाही सराव लागतो. फक्त हाताऐवजी बोलण्याचा. आपोआप होणारे प्रयोग सगळ्यात जास्त वेळा फसतात, ते ‘यात काय करायचंय’ म्हणून कुणी तालीमच करत नाही त्यामुळे.

मंडळ किंवा क्लब जवळ असेल तर जरूर जा. इंटरनॅशनल ब्रदरहुड ऑफ मॅजिशियन्स ही १९२२ पासूनची संस्था आहे. तिच्या स्थानिक शाखांना ‘रिंग’ म्हणतात आणि त्या अनेक देशांत आहेत. तिथे जाऊन गुपितं गोळा करत बसू नका. आपला एक प्रयोग करून दाखवा आणि ‘कसा वाटला?’ याऐवजी ‘तुम्हाला संशय नेमका कुठे आला?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक कौतुक करतात, दुसऱ्याला उत्तर देतात.

## टप्पा ३ : मोजकं सामान

पत्त्यांसाठी पाठीवर एकच नक्षी असलेले दोन कॅट घ्या, एक लाल आणि एक निळा. पोकर आकार म्हणजे साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटर. ब्रिज आकार काही मिलिमीटर अरुंद असतो. तळहात लहान असेल तर तो चालतो, पण एकदा आकार ठरवला की बदलू नका. पाठीवर पांढरी कड असलेली नक्षी निवडा, कारण कडेपर्यंत नक्षी गेलेल्या पाठीत उलटा फिरवलेला पत्ता जरा सरकला तरी लगेच दिसतो. पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते टाळा. ते निसटतात आणि कागदी पत्त्यांसारखे वाकत-दबत नाहीत.

नाण्यांसाठी एकसारखी चार नाणी, व्यास ३० मिलिमीटरच्या आसपास आणि कडेला खाचा असलेली. गुळगुळीत कडेचं नाणं तळहातात धरून ठेवणं अवघड जातं. दोरीसाठी मऊ सुती दोरी, जाडी ८ ते १० मिलिमीटर. आत गाभा असेल तर ओढून काढून टाका, मग गाठ सैल आणि सुबक बसते. त्याबरोबर धारदार कात्री. बोथट कात्रीने दोरी चावली जाते आणि प्रयोगाचा सगळा रुबाब जातो.

टेबलावर अंथरायला मऊ पण घट्ट विणीचं जाड कापड, फोनसाठी लहान स्टँड आणि एक वही. शंभर प्रयोगांचा डबा, चुंबकं, महागडी गिमिकं (गुप्त करामत असलेल्या तयार वस्तू) यांना पहिल्या चार प्रयोगांत जागा नाही.

## टप्पा ४ : प्रयोग हातात बसवणं

इथे सगळ्यात जास्त वेळ जाणार आहे आणि जायलाच हवा.

१. सामानाशिवाय वाचा. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि प्रेक्षकाला काय दिसलं ते एका वाक्यात लिहा. ‘नाणं मुठीतून नाहीसं झालं आणि प्रेक्षकाच्या स्वतःच्या खिशात सापडलं.’ वाक्यात दोनदा ‘आणि मग’ आलं तर प्रयोग गुंतागुंतीचा आहे. पहिल्या चारांत असला प्रयोग नको.

२. सामान घेऊन ओळीओळीने करा. उजव्या-डाव्याचा घोळ इथेच होतो. तुम्ही डावखुरे असाल तर आरसाप्रतिमा करायची की पुस्तकात आहे तसंच, हे पहिल्याच दिवशी ठरवा. नंतर बदलणं फार जड जातं.

३. आधी खरी कृती, मग खोटी. नाणं उजव्या हातातून डाव्या हातात दिल्याचा भास निर्माण करायचा असेल तर आधी ते दहा-बारा वेळा खरोखर द्या आणि स्वतःकडे नीट बघा. कोपर किती हलला? नजर कोणत्या क्षणी डाव्या हाताकडे गेली? रिकामा झालेला उजवा हात कुठे पडला? किती सैल होता? खोटी कृती या खऱ्या कृतीची हुबेहूब नक्कल असली पाहिजे. नवशिके नेमकी हीच पायरी गाळतात आणि गुपित धरलेला हात लाकडासारखा ताठ होतो. प्रेक्षकाला नाणं दिसत नाही, पण ताठ हात दिसतो.

४. लहान बैठका. दिवसातून दोनदा १५ ते २० मिनिटं. बोटं थकली की चुकीची हालचालच मुरते. सलग चुका व्हायला लागल्या की वेग निम्मा करा. तरीही होत असतील तर त्या दिवसापुरतं थांबा.

५. आरसा कमी, कॅमेरा जास्त. आरशात बघताना तुम्ही आरशाकडे बघता. प्रयोगात नजर तिथे नसते. शिवाय ऐन क्षणी डोळे मिचकावले तर चूक दिसतच नाही, आणि ही लकब बऱ्याच जणांना असते. कॅमेरा प्रेक्षकाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा आणि तीनदा चित्रण करा : समोरून, डावीकडून, उजवीकडून. टप्पा १ मध्ये प्रेक्षक बसलेले लिहिले असतील तर कॅमेराही खाली हवा, कारण तळहात खालून वेगळा दिसतो.

चित्रण बघताना चार दोष शोधा. हालचालीच्या आधी बोलणं थांबणं. हालचालीच्या क्षणी हाताकडे बघणं. हालचालीपुरता वेग वाढणं. हालचाल झाल्यावर सुटकेचा श्वास. हे दोष कळले की गुप्त कृतीची जागा हलवावी लागते. प्रेक्षक हसतात, मान वर करतात, शेजाऱ्याकडे बघतात, त्या सैल क्षणात ती बसवा. मोठी हालचाल लहान हालचालीला झाकते हे खरं, पण मोठ्या हालचालीला दिसणारं कारण हवं. पेन घ्यायला खिशात हात जाणं कुणाला खटकत नाही. हात उगाच खिशात गेला तर प्रत्येकाला खटकतो.

तपासणी : शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने मोजा आणि त्याच वेळी गुप्त हालचाल करा. आकडे अडखळले तर हालचाल अजून डोक्यात आहे, हातात उतरलेली नाही. न अडखळता सलग दहा वेळा झाली की पुढे.

सराव आणि तालीम एक नव्हे. सरावात चुकलं की थांबून पुन्हा करता येतं. तालमीत उभं राहून, कपडे आणि खिसे प्रयोगाचेच ठेवून, ‘नमस्कार’पासून शेवटपर्यंत जायचं. मध्ये पत्ता पडला तरी थांबायचं नाही. पडलेला पत्ता उचलून पुढे कसं जायचं, याचीसुद्धा तालीम लागते.

## टप्पा ५ : बोलणं लिहून काढा

‘मला ऐन वेळी सुचतं’ म्हणणाऱ्यांना ऐन वेळी ‘ओके, आता काय करूया’ एवढंच सुचतं. प्रत्येक प्रयोगाचं बोलणं शब्दशः लिहा, मोठ्याने वाचा आणि मग कापा.

पहिली कात्री डोळ्यांना दिसतंच आहे ते सांगणाऱ्या वाक्यांवर : ‘आता मी कॅट हातात घेतो, आता मी पिसतो.’ दुसरी ‘हा अगदी साधा कॅट आहे’ यावर. साधा आहे असं सांगितलं की लगेच शंका येते. कॅट प्रेक्षकाला पिसायला द्या, म्हणजे सांगायची गरजच उरत नाही. तिसरी ‘आता तुमचा पत्ता सगळ्यात वर येणार आहे’ अशा वाक्यांवर. शेवट आधी कळला की सगळे त्या जागेवरच नजर रोखतात.

सूचनांकडे वेगळं लक्ष द्या. ‘एक पत्ता घ्या, बघा, सगळ्यांना दाखवा, लक्षात ठेवा आणि मध्ये कुठेतरी ठेवून द्या’ अशी सूचना दिली की माणूस गोंधळतो, पत्ता विसरतो आणि शेवटी दोष जादूगाराला लागतो. एका वेळी एकच कृती सांगा आणि ती पूर्ण होईपर्यंत थांबा. ‘एक पत्ता घ्या.’ थांबा. ‘मी पाठ वळवतो. सगळ्यांना दाखवा.’ थांबा. सगळ्यांना दाखवण्यामागे व्यवहार आहे : एकजण विसरला तरी बाकीच्यांना आठवतो, आणि शेवटी आश्चर्य सगळ्यांना मिळतं. पत्ता एकट्यानेच पाहिला असेल तर टाळीही एकच येते.

शेवटच्या क्षणानंतर निदान दोन सेकंद काहीही बोलू नका. मान वर, हात स्थिर. बहुतेक जण घाबरून लगेच पुढच्या प्रयोगाचं बोलायला लागतात आणि स्वतःचीच टाळी कापतात.

## टप्पा ६ : शैली

तीन-चार प्रयोग उभे राहिल्याशिवाय इथे येऊ नका. आधी आलात तर वेशभूषेतच अडकाल.

स्वतःचं साधं बोलणं पाच मिनिटं ध्वनिमुद्रित करा. मित्राला एखादी घडलेली गोष्ट सांगताना केलं तर उत्तम. मग ऐका. वाक्यं लांब आहेत की तुटक? विनोद कोरडा आहे की हावभावांचा? उत्साहात आवाज चढतो की उतरतो? हा तुमचा कच्चा माल. रंगमंचावर तो थोडा मोठा आणि स्पष्ट करायचा असतो, बदलायचा नसतो. मुळात शांत बोलणारा माणूस आरडाओरडा करणारा जादूगार झाला की तो पहिल्या मिनिटात थकतो आणि प्रेक्षक त्याच्याआधी.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा : तुमच्या प्रयोगात जादू येते कुठून? एकच प्रयोग घ्या. बदामची राणी निवडली, कॅटात हरवली, पुन्हा सापडली.

- ताकद जादूगाराची : ‘तुमच्या श्वासावरून मला कळतं.’ मग राणी सापडायच्या आधी प्रेक्षकाकडे रोखून बघणं, एखादा पत्ता नाकारणं, सावकाशपणा हवा.
- ताकद प्रेक्षकाची : कॅट त्याच्याच हातात, पत्ता त्यानेच शोधला. मग जादूगाराने मागे सरकायचं आणि स्वतःही चकित व्हायचं.
- ताकद वस्तूची : राणी हट्टी आहे, खाली दाबली तरी वर येते. इथे विनोद चालतो, वेग चालतो.
- ताकद योगायोगाची : जादूगार अयशस्वी होतो, हार मानतो आणि पत्ता भलत्याच ठिकाणी निघतो. हे सगळ्यात अवघड, कारण अपयश खरं वाटलं पाहिजे.

पद्धत चारही वेळा तीच राहू शकते. तुमचे चारही प्रयोग या चार दृष्टींनी एकेकदा मोठ्याने करून बघा. एका दृष्टीत बोलणं आपोआप सुटतं, बाकीच्यांत ओढूनताणून आणावं लागतं. जी सुटते ती पकडा आणि सगळे प्रयोग तिच्याशी जुळवून घ्या. जुळत नाही तो प्रयोग काढा, कितीही आवडता असला तरी. एका प्रयोगात मन वाचणारा गंभीर माणूस आणि पुढच्याच प्रयोगात नाकातून चेंडू काढणारा विदूषक, हे एकाच कार्यक्रमात फार थोड्यांना पेलतं.

याच टप्प्यावर ‘मी हे करणार नाही’ अशी एक छोटी यादी करा. मदतीला आलेल्या प्रेक्षकाची खिल्ली उडवणं तिच्यात पहिलं असावं. परवानगीशिवाय अंगाला हात लावणं दुसरं. बाकीची तुमची.

इशारा : दुसऱ्याचं सादरीकरण उचलू नका. प्रयोग विकत घेतला म्हणजे त्यातली वाक्यं, संगीत आणि प्रसारणाचे हक्क मिळतातच असं नाही, अटी वाचा. निव्वळ गुपिताला कॉपीराइटचं संरक्षण मिळत नाही, पण नाट्यरूप सादरीकरणाला मिळू शकतं. टेलर या अमेरिकी जादूगाराच्या गुलाबाच्या सावलीवरच्या मूकप्रयोगाबाबत तिथल्या संघीय न्यायालयाने २०१४ साली हेच मान्य केलं.

सादरीकरणावर वाचायचं असेल तर ते आता वाचा, आधी नाही. डार्विन ऑर्टिझ यांचं ‘स्ट्राँग मॅजिक’ या कामाचं आहे, पण हातात एकही तयार प्रयोग नसताना ते वाचलं तर नुसतं पटतं आणि विसरतं.

कपडे शेवटी. खिसे कुठे हवेत हे प्रयोग ठरवतात. वस्तूच्या रंगाशी विरोध साधणारा साधा रंग निवडा. काळ्या शर्टापुढे काळा रुमाल दिसणार नाही. जवळून होणाऱ्या जादूत लोक तुमच्या चेहऱ्यापेक्षा नखं जास्त वेळ बघतात, हेही ध्यानात असू द्या.

## टप्पा ७ : तीन प्रयोगांची मांडणी

आठ ते दहा मिनिटं, तीन प्रयोग, चौथा राखीव. पहिला प्रयोग एका मिनिटाच्या आत संपणारा, डोळ्यांना दिसणारा आणि कुणाला पुढे न बोलावता होणारा. हात थरथरत असतात तेव्हा नाजूक हातचलाखी नको. दुसऱ्यात प्रेक्षकाला सहभागी करा. तिसरा सगळ्यात ठळक, जो उद्या एका वाक्यात सांगता येईल. तिन्हींत ‘एक पत्ता घ्या’ असेल तर तुम्ही एकच प्रयोग तीनदा केला असं प्रेक्षकाला वाटतं, मग पद्धती कितीही वेगळ्या असोत.

खिशांचा नकाशा काढा : कोणत्या खिशात काय आहे, वापरल्यावर ते कुठे जाईल, कोणता खिसा रिकामा राहील. वापरलेली वस्तू तयार वस्तूच्या खिशात गेली की गोंधळ ठरलेला.

तपासणी : निघण्याआधी वहीतली यादी मोठ्याने वाचत प्रत्येक वस्तूला हात लावा. नुसतं बघून ‘आहे’ म्हणू नका.

## टप्पा ८ : दाखवा, नोंदवा, एकच गोष्ट बदला

पहिले प्रेक्षक एक-दोन, मग चार-पाच, मग ठरवलेली जागा. प्रयोगानंतर दुसऱ्या कुणाला तरी प्रेक्षकाशी बोलू द्या आणि ‘काय झालं ते सांग’ एवढंच विचारायला सांगा. प्रेक्षक तुमच्या टप्पा ४ मधल्या एका वाक्याच्या जवळपास बोलला तर प्रयोग पोचला. ‘मग त्याने खूप वेळा पत्ते मोजले’ असं ऐकू आलं तर कुठे कापायचं ते कळलं. ‘मग हात खिशात घातला’ असं आलं तर ती हालचाल उघडी आहे.

आवाजाचं ध्वनिमुद्रण ठेवा. हशा आणि शुकशुकाट दोन्ही वहीत मिनिटासह लिहा. शुकशुकाट दोन प्रकारचा असतो : एक ताणलेला आणि एक कंटाळलेला. कंटाळलेल्यात खोकला आणि खुर्च्यांचा आवाज येतो. पुढच्या वेळी फक्त एक बदल करा. तीन बदल एकदम केले तर सुधारणा कशाने झाली ते कळणार नाही.

फसलं तर? निवडलेला पत्ता चुकला तर वाद घालू नका, कॅट पुन्हा पिसायला द्या आणि राखीव चौथ्या प्रयोगावर जा. कुणी ‘डाव्या हातात आहे’ असं ओरडलं आणि ते खरं असेल तर हसून मान्य करा आणि पुढे चला. हात मागे लपवलात तर तो ओरडणारा कार्यक्रमभर तुमच्या हातामागेच लागेल. ‘पुन्हा कर’ या मागणीला वेगळा प्रयोग हेच उत्तर. दुसऱ्यांदा बघताना प्रेक्षकाला कुठे बघायचं ते ठाऊक असतं.

लहान मुलं असतील तर नाणी आणि स्पंजचे लहान चेंडू त्यांच्या हातात सोडू नका, तोंडात जातात. आग असलेला कोणताही प्रयोग या फेरीत नको.

दहा-पंधरा कार्यक्रमांनंतर लिहिलेल्या संहितेशी ध्वनिमुद्रण ताडून बघा. न लिहिता तोंडात आलेली आणि दर वेळी चाललेली वाक्यं संहितेत घ्या. लिहून कधीच न बोललेली काढून टाका. पुढचं पुस्तक किंवा पुढचा प्रयोग तेव्हाच घ्या, जेव्हा तीनही प्रयोग अनोळखी माणसांसमोर, वही न बघता, सलग पाच वेळा नीट झालेले असतील, आणि नव्या प्रयोगासाठी आधीच्या तिघांपैकी कोणता बाहेर जाणार हे ठरलेलं असेल.